दार उघडं ठेवा

व्यवस्थापक : म्हणून पुन्हा सांगतो, आजी, हा वैयक्तिक प्रश्न नाही. हा धोरणाचा प्रश्न आहे.

कंडक्टरबाई : अंग माझं, साबण माझा, धोरण तेवढं तुमचं. अहो, याहून वैयक्तिक म्हणजे आणखी काय असतं? आणि आजी म्हणू नका मला. तुम्हीही साठीला टेकलात. जन्मभर बसमध्ये लोक मला कंडक्टरबाई म्हणत आले, तेवढं पुरे आहे.

व्यवस्थापक : बरं, बाई. अकरा वाजता तपासणी समिती येते आहे. वृद्धनिवासातले सगळे निवासी स्वच्छ, प्रसन्न आणि खुर्चीत बसलेले दिसायला हवेत. तुम्ही आठवडाभर आंघोळ नाकारता आहात.

कंडक्टरबाई : ओल्या फडक्यानं पुसते की अंग. हात पोचतो तिथवर पुसते. कंबर मोडल्यापासून पाठ राहते, पाय राहतात.

व्यवस्थापक : तेच म्हणतोय. तुम्हाला मदत हवी, आणि मदत न्हाणीघराच्या दारात उभी आहे. पैलवान, पुढे ये.

पैलवान : इथंच आहे, साहेब.

कंडक्टरबाई : हा तुमचा पैलवान. फुंकर मारली तर भिंतीला चिकटेल. पोरगा गुणी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण परक्या बाप्यासमोर मी लुगडं सोडणार नाही, एवढंच. यात न कळण्यासारखं काय आहे?

व्यवस्थापक : हाच तो जुनाट विचार. बाप्या, बाई. आमच्या निवासात आम्ही माणूस पाहतो. सेवक हा सेवक. तो पुरुष आहे म्हणून त्याला नाकारणं हा भेदभाव झाला, आणि भेदभावाच्या बाबतीत आम्ही शून्य सहनशीलता...

कंडक्टरबाई : गेल्या आठवड्यापर्यंत तर ताई घालायची आंघोळ. ती पाठ अशी चोळायची की झोप यावी. कुठं गेली ती?

पैलवान : पुरुष विभागात आहे, बाई. सगळ्या सेविका तिकडंच आहेत.

कंडक्टरबाई : आणि सगळे बाप्ये इकडं?

पैलवान : हो. अदलाबदल झाली.

कंडक्टरबाई : कोणाच्या डोक्यातून निघालं हे?

व्यवस्थापक : माझ्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट अभिमान आहे. मागच्या तपासणीत समितीनं शेरा मारला होता की, इथं स्त्री-पुरुष समानता दिसत नाही. पाहिलं तर खरंच, महिला विभागात सगळ्या महिला, पुरुष विभागात सगळे पुरुष. लिंगावरून कामाची वाटणी! मी एका फटक्यात उलटं केलं. आता कोणी बोट दाखवू शकणार नाही. शंभर टक्के.

पैलवान : साहेब, शेरा त्याबद्दल नव्हता.

व्यवस्थापक : तू मध्ये बोलू नकोस.

कंडक्टरबाई : बोलू द्या. तुमच्या इथं माणूस पाहतात ना? तो पण माणूसच आहे. बोल रे.

पैलवान : समितीनं विचारलं होतं, इतक्या वर्षांत एकाही सेविकेला मुख्य सेवकाची जागा का दिली नाही. ताई माझ्या आधीपासून आहे इथं. सगळं काम तिनंच मला शिकवलं. आणि मुख्य सेवक मी.

कंडक्टरबाई : अस्सं. म्हणजे ताईला वरची जागा द्यायची होती, त्याऐवजी तुम्ही तिला तिकडं म्हाताऱ्यांची धोतरं फेडायला पाठवलंत.

व्यवस्थापक : वरच्या जागेला मंजुरी लागते, बाई. पगार वाढतो. अदलाबदलीला काही लागत नाही.

कंडक्टरबाई : फुकटातली समानता. आणि तिकडचे म्हातारे काय म्हणतात?

पैलवान : दोघांनी आंघोळ सोडली. एकजण ताईला पाहिलं की चादर डोक्यावरून ओढून घेतो. शाळेत मुख्याध्यापक होते ते.

व्यवस्थापक : संक्रमणाचा काळ आहे. होईल सवय.

कंडक्टरबाई : सवय कसली? तुमच्या समानतेची एकेक तऱ्हा. एकाला दात नाहीत, त्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांच्या ताटात कुस्करलेलं जेवण. मला अजून सुपारी फोडता येते, मी लापशी चाटत बसायचं. जेवायची वेळ झाली की सगळ्यांना तोच भोंगा, बहिऱ्या काकूंनाही तोच. त्या रोज उशिरा येतात आणि रोज बोलणी खातात. आणि तो ‘तुमचे हक्क’ म्हणून फलक, तो कुठं लावलाय?

व्यवस्थापक : दर्शनी भागात.

कंडक्टरबाई : जिन्याच्या वरच्या टोकाला. निम्मा निवास चाकाच्या खुर्चीवर आहे. आमचे हक्क काय आहेत ते वाचायला आम्हाला कोणी उचलून न्यायचं?

व्यवस्थापक : खाली खुर्च्यांच्या उतारावर जागा होती, पण तिथं कुंड्या आहेत.

पैलवान : काल रात्रीच मांडल्या. समितीसाठी. आता खुर्च्या बाहेर काढता येत नाहीत.

व्यवस्थापक : पैलवान, तुला बादली उचलून उभं राहायला सांगितलं होतं, भाषण करायला नाही. हे बघा बाई, मला वेळ नाही. मी तुमच्या मुलीशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, आईला समजावा, आणि नाहीच ऐकलं तर तुमच्या नियमानं काय ते करा.

कंडक्टरबाई : पोरगी तसंच म्हणणार. तिला वाटतं मी इथं पंख्यावरून भांडते. तुम्ही तिला सांगितलंत का, की कोण आंघोळ घालणार आहे?

व्यवस्थापक : मी म्हणालो, प्रशिक्षित सेवक.

कंडक्टरबाई : वा. आणि तुमच्या नियमानं काय करता?

व्यवस्थापक : असहकार करणाऱ्या निवासींची सोय वरच्या मजल्यावर आहे.

कंडक्टरबाई : सोय. बाहेरून कडी, आणि सकाळ-संध्याकाळ झोपेची गोळी. मी पाहिलंय, वर गेलेली माणसं खाली कशी येतात.

व्यवस्थापक : तुमच्या हातात आहे. आंघोळ करून खाली राहायचं, की न करता वर जायचं. निवडीचं स्वातंत्र्य आम्ही मानतो.

कंडक्टरबाई : आणि मी वर गेले तर हिचं काय? इथं माझ्या शेजारच्या खाटेवर पडलेल्या या खिडकीवालीचं? पक्षाघातानं वाचा गेलीय तिची. पाणी हवं असलं तर नुसतं बोट हलवते. ते तुमच्यातल्या कोणाला दिसतं? मला दिसतं, म्हणून तिला पाणी मिळतं.

व्यवस्थापक : त्यांची काळजी घ्यायला आम्ही आहोत.

(कंडक्टरबाई काठी टेकत उठते आणि खांद्यावर पंचा टाकते.)

कंडक्टरबाई : ठीक आहे. चला. करते मी आंघोळ.

व्यवस्थापक : हे छान झालं. बघ पैलवान, समजावून सांगितलं की माणसं ऐकतात.

कंडक्टरबाई : अकरा वाजता करते.

व्यवस्थापक : अकराला समिती येते आहे.

कंडक्टरबाई : म्हणून तर. तुम्हाला अभिमान आहे म्हणालात ना? मग समितीला इथंच आणा, न्हाणीघराच्या समोर. चार खुर्च्या टाका. दार उघडं ठेवा. हा पैलवान मला आंघोळ घालेल आणि ते बघतील. शंभर टक्के.

व्यवस्थापक : काहीतरीच काय? दार कसं उघडं ठेवणार?

कंडक्टरबाई : का?

व्यवस्थापक : का म्हणजे? बरं दिसतं का ते?

कंडक्टरबाई : समितीत माणसंच असतील ना? बाई-बाप्या कशाला पाहायचं?

व्यवस्थापक : बाई, माणसाला काही लाज असते.

कंडक्टरबाई : असते ना? मी पण आठवडाभर तेच सांगतेय. कोणाची लाज म्हणालात, माझी की समितीची?

व्यवस्थापक : मी... दोन्ही.

कंडक्टरबाई : बरं झालं कबूल केलंत. मला वाटलं, इथं नाव घालताना ती दारातच जमा करून घेतलीत.

व्यवस्थापक : मी तुम्हाला आत्ता, या क्षणी वर नेऊ शकतो.

कंडक्टरबाई : न्या. समिती जिन्यापर्यंत तर येईल? हक्कांचा फलक बघायला? माझा आवाज भरलेल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावरून खाली यायला त्याला कितीसा वेळ लागतोय.

पैलवान : साहेब, एक सांगू? मला नाही जमणार यांना धरून न्यायला. तुम्ही म्हणाल ते करत आलो. हे नाही जमणार.

व्यवस्थापक : तू पण असहकार?

पैलवान : मला माहीत नाही त्याला काय म्हणतात.

व्यवस्थापक : बरं. बरं. ऐका. आपण असं करू. तुमच्यापुरती, केवळ तुमच्यापुरती, विशेष सवलत. वय पाहून. पैलवान, ताईला बोलावून आण. पण बाई, समितीसमोर याची वाच्यता नको. सवलत सगळ्यांना कळली की सगळे मागतील.

कंडक्टरबाई : मागू द्या की. तिकडच्या मुख्याध्यापकांनाही कळू दे. बरं, मला सांगा, सवलत मला का मिळाली?

व्यवस्थापक : तुम्ही आग्रह धरलात.

कंडक्टरबाई : बोंबलले म्हणून. आणि हिला?

व्यवस्थापक : कोणाला?

कंडक्टरबाई : खिडकीवालीला. आठवडाभर तिला कोण आंघोळ घालतंय?

व्यवस्थापक : त्यांची काही तक्रार नाही. विभागातल्या सगळ्यात सहकार्य करणाऱ्या निवासी आहेत त्या. समितीसमोर मी त्यांचंच उदाहरण देणार होतो.

कंडक्टरबाई : तिला बोलता येत नाही, साहेब.

व्यवस्थापक : तक्रारवही कोरी आहे, एवढंच मी म्हणालो.

कंडक्टरबाई : पैलवान. तू घालतोस ना तिला?

पैलवान : हो.

कंडक्टरबाई : काय करते ती?

पैलवान : काही नाही करत. डोळे मिटून घेते. गच्च. पाणी संपेपर्यंत उघडत नाही.

व्यवस्थापक : साबण जात असेल डोळ्यात.

पैलवान : साबण लावायच्या आधीपासून मिटते, साहेब. मग मीही मिटतो. ती तशी बसलेली बघवत नाही. दोघंही डोळे मिटून. परवा गरम पाण्याचा तांब्या अंदाजानं ओतला, तर तिच्या खांद्याला चटका बसला. तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

कंडक्टरबाई : मला का नाही सांगितलंस?

पैलवान : कोणत्या तोंडानं सांगू, बाई.

व्यवस्थापक : हे... हे मला कोणी कळवलं नाही.

कंडक्टरबाई : बोट हलवलं असेल तिनं. तुम्हाला दिसलंच नसेल. आणि मला वाटलं असेल, पाणी हवंय.

व्यवस्थापक : ठीक आहे. ताई तुमचं आटोपून मग त्यांचंही बघेल. वेळ उरला तर.

(पैलवान बाहेर जाऊन ताईला घेऊन येतो.)

पैलवान : ताई आली, बाई. जिन्याशीच होती. पाणी काढलंय तुमचं. चला.

कंडक्टरबाई : माझं राहू दे. ते पाणी तिला घ्या. ताई, हिला आधी. खांदा जपून, उजवा की डावा ते पैलवान सांगेल. मी बसते इथं दाराशी. आणि ताई, दार लावून घे.