जोडीचा कोयता

शेजारी बसलेल्या बाईच्या अंगठ्याचं नख चमच्यासारखं खोलगट होतं. पाण्याचा थेंब त्यात सहज थांबला असता. मानवतच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या पंकजाबाईंची नजर तिथून हलेना. बाईचा नवरा तपासणीचा कागद वाचत होता.

"धुरपदे, रक्त सहाच भरलंय. बारा पायजे म्हनतेत."

"मागच्या साली सात होतं."

"रोज अंडी खा म्हनले डॉक्टर."

"अंडी पोरगं खातंय."

"पोलीस भरतीसाठी पळायलाय त्यो. त्याला ताकद नको का?"

"अन् मी उसाच्या मोळ्या उचलते, उरल्यासुरल्या भाकरीवर."

"बाया मागूनच जेवतेत. माझी माय बी मागूनच जेवली."

"अन् उसाच्या फडातच पडून मेली."

"ते कशाला काढतीस आता? गोळ्या देतेत की. दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला ट्रक येतोय. मुकादमाला जोडीचा कोयता सांगितलाय, तुझा-माझा दोघांचा. एकट्या गड्याला कोन घेतंय?"

"दर साली हेच म्हनता."

"अन् दर साली तू येतीस की!"

तिनं कागद घेतला, घडी घालून कमरेला खोचला.

"औंदा पोराला न्या जोडीला. अंडी खाल्लीत, मोळी बी उचलंल. मी येनार न्हाई."