ओट्यावरची काळी पेटी

पेनिसिमानीची थोरली मुलगी लग्न होऊन टोंगाटापू बेटावर गेली, त्या वर्षी देवमासे व्हावाऊ बेटाच्या पाण्यात लवकर आले. लग्नाच्या जेवणाची डुकरं संपून अंगण रिकामं होतंय न होतंय तोच पाहुण्यांच्या बोटी सुरू झाल्या. पेनिसिमानी बोट चालवायचा. धाकटी फुसी पाहुण्यांना देवमाशांजवळ पाण्यात उतरवायची. आणि अंगणापलीकडच्या खोलीत त्याची विधवा बहीण टोआकासे पाण्याखाली नेताना कॅमेरा ज्यात बंद करतात त्या पेट्या दुरुस्त करायची. भाऊ त्या खोलीत पाऊल टाकत नसे आणि बहिणीशी समोरासमोर बोलतही नसे. तिथल्या रीतीनं वयात आलेल्या बहीणभावांनी एवढं अंतर राखायचंच असतं, आणि बहिणीचा मान भावाहून मोठा. काही सांगायचं झालं तर ते फुसीच्या तोंडून. त्या सोमवारी सकाळी टोआकासे कपात चहा ओतत होती, तेव्हा फोन वाजला.

हॅलो?… हॅलो, कोण?… फुसी? अगं, वारा किती येतोय. जरा तोंड फिरवून बोल… हां, आता आलं ऐकू… बोल.

मादी आणि पिल्लू?… वा, मग रडतेस कशाला? नाक ओढ आधी… काय गेलं पाण्यात?… पेटी? पाणी पेटीत गेलं की पेटी पाण्यात?… बरं. किती शिरलंय?… तळाला थोडंसं. मग इतकं काय, होतं असं. कुणाची पेटी?

यानिकची?… तो उंच पाहुणा, तोच ना?… काळी? मोठ्या काचेच्या घुमटाची?… नाही गं, ती कशी असेल. ती तर इथं माझ्याकडे…

टोआकासेनं मागं वळून टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कालची पांढरी चादर अजून तशीच होती. कोपऱ्यातल्या फळीवर, बशीत, झाकणातून पाणी शिरू न देणारी नवी रबरी कडी पडली होती, ग्रीसची डबी शेजारी.

फुसी, ती पेटी कुणी नेली घरातून?… तुझ्या बाबांनी?… कुठून उचलली?… ओट्यावरून.

नाही, ऐकतेय मी… हो, हो… अगं ऐक ना. बाबांचं काही चुकलं नाही. झालेली पेटी ओट्यावर, राहिलेली टेबलावर, हे त्यांना ठाऊक आहे. मला विचारायला ते दारात येणार थोडेच… मीच ठेवली गं ती बाहेर. रविवारी पाद्रीबाबा जेवायला यायचे होते. टेबल मोकळं हवं होतं. शनिवारी अंधार पडला, हात थांबवावा लागला. खाचेत मुंग्या शिरू नयेत म्हणून जुनीच कडी तात्पुरती बसवली आणि पेटी बाहेर ठेवली. रविवारी कोण हात लावतंय कामाला. म्हटलं, सोमवारी उजाडताच आत घेईन… झोप लागली गं मला.

राहू दे ते. जुनी कडी आहे, खाली गेल्यावर चेपली असेल. आता वर आल्यावर फुगून बसली असेल घट्ट. पेटी कुठाय?… उन्हात? उन्हात कशाला ठेवली?… काच आतून पांढरी झालीय… हं… काय म्हणालीस?… परत सांग.

सूं सूं? पेटीच्या आतून?

फुसी, नीट बघून सांग. मागचं झाकण सपाट आहे की पोट आल्यासारखं दिसतंय?… हात नको लावूस. नुसतं बघ… फुगलंय.

बरं. आता मी सांगते ते कर, मध्ये बोलू नकोस. खारं पाणी कॅमेऱ्याच्या बॅटरीला लागलंय. आत वायू भरतोय आणि त्याला बाहेर यायला वाट नाही. खिट्टी उघडली की झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटेल. कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांना बोटीच्या पुढच्या टोकाला ने… काय?… कोण उघडतंय?

बाबा?

गुडघ्यात धरून?… स्क्रू-ड्रायव्हर घेऊन?… अगं, मग सांग ना त्यांना… सांगितलंस? काय म्हणाले?… हो, चाळीस वर्षं इंजिनं उघडलीत, माहीत आहे मला. इंजिन वेगळं. इंजिन तोंडावर उडत नाही… दुसरी खिट्टी? म्हणजे पहिली निघाली?… अडकलीय. देव पावला.

आणि तो यानिक काय करतोय?… कॅमेऱ्यातलं कार्ड, कार्ड. पिल्लाचे फोटो आहेत म्हणे त्यात. त्याला सांग, कार्डाला काही होत नाही, गोड्या पाण्यात धुऊन वाळवलं की चालतं. पुढच्या वेळी बटण दाबायला बोटं मात्र लागतील म्हणावं… नाही, चेष्टा नाही करत मी. तसंच सांग त्याला.

बाबा थांबले?… का नाही थांबत?… पाहुण्याचं नुकसान आपल्या घरामुळे झालं… हो, असंच म्हणणार ते. अगदी असंच.

टोआकासेनं कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही आणि चहा पांढऱ्या चादरीवर सांडला. तिनं पुसला नाही.

फुसी. फोन त्यांना दे.

मला कळतंय गं… मला माहीत आहे. माझ्या तोंडून ते कधी… तू आत्याला शिकवू नकोस. त्यांच्या कानाला लाव फोन. त्यांचे हात कामात आहेत ना, तू धर… लाव.

दादा.

मी टोआकासे.

दादा, ऐकताय ना… तुमचा श्वास ऐकू येतोय मला. बोलू नका, बोलायची गरज नाही. तो स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा… ठेवलात?… हो की नाही ते फुसीला खुणेनं सांगा, ती मला सांगेल… ठेवला. बरं केलंत.

चूक माझी आहे. ती पेटी अर्धीच झाली होती. मी बाहेर ठेवली, तुम्ही नेली. तुम्हाला कुणी दोष देणार नाही. पाहुण्याला काय भरून द्यायचं ते मी बघेन.

आता गुडघे बाजूला घ्या. काचेचं तोंड आणि झाकण, दोन्ही तुमच्याकडे नकोत. हँडलला दोरी बांधा. हळू, आपटू नका… बांधली?… आता ती बोटीबाहेर पाण्यात सोडा. लांब सोडा आणि खाली वाकून बघू नका… कॅमेरा जाऊ दे. जाऊ दे म्हणते मी. तुमच्या बहिणीचा शब्द आहे.

दादा?…

हॅलो?… तो आवाज कसला होता?… हॅलो. फुसी. कुणीतरी बोला… फुसी.

कोण?… हां, बोल. उडालं?… कुठं उडालं, पाण्यात की वर?… पाण्यातच. आणि बाबा कुठायत?… उभे आहेत की पडलेत?… रक्त? कुठून?… दोरी सुटताना तळहात सोलला. फक्त तेवढंच?… डोळे बघ. दोन्ही डोळ्यांनी दिसतंय का विचार… बोटं? दहाही हलवून दाखवायला सांग… तू मोज. त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस, तू मोज…

दहा.

बरं… बरं. बसू दे जरा मला… नाही, मी ठीक आहे. हाताला गोडं पाणी लाव, चिंधी बांध. त्यांना खाली बसव, इंजिन दुसऱ्या कुणाला तरी दे… काय?… ते काहीतरी म्हणतायत?… मला?… स्वतः बोलतील म्हणतात?… अगं मग दे ना फोन, कशाला थांबलीस…

हॅलो?… दादा?… हॅलो?… ऐकू येत नाहीये, दादा… हॅलो…

फोन बंद झाला होता. संध्याकाळी बोट धक्क्याला लागली. पेनिसिमानी हाताला चिंधी बांधून अंगणातून आपल्या घरात गेला, नेहमीसारखा, या खोलीकडे न बघता. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यानं सांगितलं नाही आणि टोआकासेनंही फुसीकरवी विचारलं नाही.

पेनिसिमानी पुढच्या चक्रीवादळाच्या मोसमात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पहाटे छातीच्या दुखण्यानं वारला. मेल्या भावाच्या उशाशी बसायचा मान बहिणीचा, म्हणून टोआकासे त्याच्या खोलीत गेली आणि त्याला उचलेपर्यंत तिथंच बसून राहिली.