आकडा बरोबर होता

लेक : आई, बाराच्या आत कळवायचंय त्यांना. जहाजाचं पक्कं झालंय, तुमची खोली ठरलीय, खिडकीसुद्धा मिळालीय. आता ही मधली दोन दिवसांची जमिनीवरची सहल घ्यायची की नाही, एवढंच राहिलंय.

बाई : नाही घ्यायची. झालं उत्तर. मिटव तो लॅपटॉप.

अहो : घ्यायची. मी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतोय.

बाई : तुम्ही आधी कानात मशीन घाला. कुठंय ते?

अहो : खिशात.

बाई : खिशाला ऐकू येत नाही.

लेक : आई, नीट ऐकून तरी घे. आठ दिवसांचं जहाज. चौथ्या दिवशी सकाळी ते एका बंदराला लागेल. तिथून बस, सोबत गाईड, सगळी मिळून बत्तीस माणसं. डोंगरातल्या तळ्यापाशी एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस पुढच्या बंदरावर उतरवणार. जहाज तोवर समुद्रानं तिथं पोचलेलं असेल. बसायचं आणि पुढं निघायचं.

बाई : आणि बस वेळेत नाही पोचली तर?

लेक : सहल जहाजवाल्यांचीच आहे. आपल्या बससाठी थांबतात ते. इथं लिहिलंय.

बाई : बससाठी थांबतील. बसमध्ये नसलेल्या माणसासाठी कोण थांबणार, ते लिहिलंय का?

लेक : म्हणजे?

अहो : म्हणजे मी. तुझ्या आईला वाटतं मी हरवीन. सदुसष्टाव्या वर्षी, बत्तीस माणसांतून.

बाई : वाटत नाही. मला माहीत आहे. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडून निघालो आम्ही. मी बसमध्ये चढले, दोन जागा धरल्या, मागं वळून बघते तर हे खाली. फुटलेल्या पाइपापाशी उकिडवे बसलेत. मी हाका मारतेय, सगळी बस माझ्याकडे बघतेय, आणि यांना पत्ता नाही. बस सुटली. पुढच्या थांब्यावर उतरले आणि धावत मागं आले. या गुडघ्यांनी.

अहो : दाब किती आहे ते बघत होतो. पाणी बोटभर वर उडत होतं म्हणजे खालची चावी कुणीतरी अर्धवट सोडलेली. आणि मी कुठं गेलो होतो? तू आलीस तेव्हा तिथंच होतो की.

बाई : तिथं मला परत येता आलं. परक्या डोंगरात कुठल्या थांब्यावर उतरू?

लेक : बरं बाबा, तुम्ही सांगा. जहाजावर पोहायचा तलाव आहे, नाटकं आहेत, दिवसभर खायला आहे. त्या तळ्यात एवढं काय आहे?

अहो : पाणी आहे.

लेक : समुद्रात पण पाणीच आहे.

अहो : ते प्यायचं नव्हे. हे बघ, चौतीस वर्षं मी पाणी सोडलं. अर्ध्या शहराच्या नळाला पाणी माझ्या चावीनं आलं. टाकीत बघितलं, पाइपात बघितलं, लोकांच्या तळघरात शिरलेलं बघितलं. शिव्या खाल्ल्या त्याच्यापायी. पण जमिनीतून वर येताना एकदाही बघितलं नाही. या तळ्यात म्हणे खालून झरे फुटतात, आणि एका कडेनं नदी निघते. निघते म्हणजे तिथूनच. त्याच्या मागं काही नाही.

बाई : फोटो दाखवला ना तिनं.

अहो : फोटोतलं पाणी हलत नाही, बाई.

लेक : मग असं करू या का? बाबा एकटे जातील सहलीला. आई, तू जहाजावर राहा. पुस्तकं ने, डेकवर बस आरामात.

बाई : आरामात? दोन दिवस मी त्या खोलीच्या दाराकडे बघत बसू? बस सुटली असेल का, हे चढले असतील का, की कुठल्या नळाशी रमलेत? मला घास उतरायचा नाही. जीव जाईल माझा.

लेक : अगं, गाईड असतो. हे बघ, स्पष्ट लिहिलंय. प्रत्येक थांब्यावरून निघताना सर्व प्रवाशांची मोजणी केली जाईल.

बाई : मोजून काय होतं?

लेक : मोजून काय होतं म्हणजे? तू इतकी वर्षं शाळेत बाई होतीस. जन्मभर पोरंच मोजलीस.

अहो : तो विषय नको काढूस.

लेक : कुठला विषय?

अहो : काही नाही. तू चहा टाक.

लेक : बाबा, मी चाळीशीला आले. चहा टाक म्हणून मला स्वयंपाकघरात पाठवायचं वय गेलं. कुठला विषय?

अहो : जुनं आहे. तू पोटात होतीस तेव्हाचं. शाळेची सहल गेली होती, धरणावरच्या बागेत. शाळेतल्या मावशीबाईंनी मुलींची मोजणी चुकवली, आणि एक मुलगी तिथंच राहिली. सापडली नंतर, काही झालं नाही तिला. पण तुझ्या आईनं तेव्हापासून सहल म्हटलं की कानाला खडा लावला. एवढंच.

बाई : मावशींनी नाही मोजलं.

अहो : काय?

बाई : मशीन घाला कानात. एकदाच सांगणार आहे.

(अहो खिशातून मशीन काढून कानात बसवतात. त्याची बारीक शीळ थांबते.)

बाई : मी मोजलं. बसच्या दारात उभी राहून, एकेक डोकं. बेचाळीस.

लेक : मग तू चुकलीस. होतं गं आई. त्या गोंधळात कुणाचंही होईल.

बाई : नाही चुकले. बेचाळीसच होत्या. नेल्या होत्या बेचाळीस, बसमध्ये बेचाळीस. त्या दिवशी तिथं दुसऱ्या एका शाळेची सहल आली होती. गणवेश तोच, निळा. त्यांची एक मुलगी आमच्या बसमध्ये चढली आणि खिडकीशी झोपून गेली. आणि आमची एक खाली राहिली. आकडा बरोबर होता.

लेक : अरे देवा.

बाई : संध्याकाळी त्या धरणातून पाणी सोडायचे. आधी भोंगा वाजायचा, मग अर्ध्या तासानं बागेतून नदीत उतरणाऱ्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जायच्या. दुपारी मीच सगळ्या मुलींना ते समजावून सांगितलं होतं. फळा असता तर चित्रसुद्धा काढलं असतं.

अहो : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बाई : थांबा. हे पण सगळं नाही. बस सुटायच्या आधी एक मुलगी पुढं आली. नऊ वर्षांची, दोन दात पडलेले. म्हणाली, बाई, माझ्या बाकावरची आली नाही. मी म्हटलं, खाली बस, आकडा बरोबर आहे. ती जागेवर गेली, बघून परत आली. पुन्हा म्हणाली, बाई, खरंच नाही आली. मी डोळे वटारले. चालकाला म्हटलं, चला.

लेक : मग?

बाई : मग काय. अकरा किलोमीटर गेल्यावर ती झोपलेली जागी झाली आणि रडायला लागली, ही माझी बस नाही म्हणून. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बस वळवली. मागं जाताना मी सारखी घड्याळ बघत होते. आम्ही पोचायच्या आधी भोंगा वाजून गेला होता.

लेक : आणि ती?

बाई : पायऱ्यांवर बसलेली. खालून तिसऱ्या. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. मला बघून म्हणाली, बाई, मी कुठं गेले नाही, इथंच थांबले. हरवलं की जागा सोडायची नाही, हे मीच शिकवलं होतं त्यांना.

अहो : बाई.

बाई : आठ दिवसांनी ती पोरगी दोरीवरच्या उड्या मारत होती. तिचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते दुसरीचं. माझ्याकडे येऊन सांगणारीचं. पुढं वर्षभर तिनं वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असायचं, मला दिसायचं तिच्या तोंडावर, पण हात वर नाही. मी मुद्दाम सोपे प्रश्न विचारायचे. खाली बघायची.

लेक : आणि मावशी?

बाई : चौकशीत कुणीतरी मावशींचं नाव घेतलं. मी ते खोडलं नाही. मोठ्या बाईंनी त्यांना पुन्हा कुठल्या सहलीला नेलं नाही. त्यांनीही कधी तोंड उघडलं नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशी फुलं घेऊन आल्या होत्या.

अहो : चाळीस वर्षं मी तीच गोष्ट सांगत आलो. माझ्या बहिणीला, तुझ्या भावाला, आता हिला. मावशींनी चुकवली म्हणून. तू शेजारी बसून ऐकायचीस.

बाई : हो. ऐकायचे.

अहो : आणि मला वाटायचं, तुला माणसांचा कंटाळा आहे. कार्यालयाची सहल निघाली की तू आजारी. शेजारी सगळे मिळून निघाले की घरात काम. मी म्हणायचो, असेल बुवा, माणूसघाणी आहे आमची.

बाई : घाबरट आहे तुमची. बसमध्ये बसले आणि कुणी मोजायला लागलं की माझे तळहात गार पडतात. आणि शेवटी तो म्हणतो ना, चला, सगळे आले, तिथं मी मागं वळून एकेक तोंड बघायला लागते. म्हणून हे जहाज मला चाललं. तिथं कुणी मोजत नाही. कार्ड लावायचं, यंत्र वाजतं, आत गेलात तर आत. यंत्राला डोळे वटारता येत नाहीत.

लेक : आई, तू रडतेयस.

बाई : रडू दे. चाळीस वर्षांचं आहे, थोडा वेळ लागेल.

अहो : राहू दे तळं. कर गं ते बंद. नको म्हणून कळव.

लेक : बाबा, पण तुम्ही किती दिवस...

अहो : जायचं तर हिच्यासोबत. आणि ही जीव मुठीत धरून बसणार असेल तर मला काय पाणी दिसणार? हीच दिसणार सारखी. बसू जहाजावर. कार्ड लावू, वाजवू.

बाई : हे असं करू नका.

अहो : कसं?

बाई : असं पटकन सोडून देऊ नका. मावशींनी पण असंच सोडून दिलं. त्या पोरीनं पण. माझ्या भीतीपायी किती जणांनी गप्प बसायचं? त्यात आता तुमचं तळंही घालू का?

अहो : मग काय करू? जाऊ म्हटलं तरी तू घाबरणार, नको म्हटलं तरी तुला लागणार. माणसानं वागायचं कसं?

बाई : मला नाही माहीत. मला खरंच माहीत नाही.

लेक : फोन वाजतोय. त्यांचाच आहे. पावणेबारा झाले. काय सांगू?

बाई : त्यांना विचार, गाईड नावं वाचतो की डोकी मोजतो.

लेक : हॅलो. हो, बोलतेय. एक विचारायचं होतं, निघताना गाईड नावं घेतात की नुसती संख्या? हो का. एक मिनिट हं. आई, डोकी मोजतात म्हणतेय. नावं घेत बसलं तर वेळ जातो. आजवर कुणी मागं राहिलेलं नाही, असंही म्हणतेय.

बाई : माझंही त्या दिवसापर्यंत कुणी राहिलं नव्हतं.

लेक : मग नको म्हणू?

बाई : दोन माणसं सांग.

लेक : नक्की?

बाई : नक्की नाही. सांग म्हणते ना. लवकर सांग, नाहीतर परत नको म्हणेन.

लेक : हॅलो, हो, घ्यायचीय सहल. दोन प्रवासी. आई-बाबा दोघंही.

अहो : हात बघ तुझे. बर्फ झालेत.

बाई : धरून ठेवा मग. आणि ऐका, तिथं मशीन खिशात गेलेलं मला दिसलं तर त्या झऱ्यात नेऊन टाकीन.

अहो : मशीन की मला?

बाई : दोघांना.

लेक : आई, ती विचारतेय, बसमध्ये जागा कुठली हवी? पुढं धक्के कमी बसतात, मागच्या खिडक्या मोठ्या आहेत. डोंगर मागून छान दिसतात म्हणे.

बाई : पुढची सांग. अगदी पहिली. मी काही म्हणाले तर गाईडला ऐकू गेलं पाहिजे.

लेक : आणि त्यानं नाहीच ऐकलं तर?

बाई : पुन्हा म्हणेन.