घडीच्या चाकूला मूठ

...आन त्यो डॉक्टर मला इचारतोय, 'आजी, मूठ उघडता येते का?' आता सांगा! येती की! न यायला काय धाड भरलीया? पन मी म्हनलं, उघडनार न्हाई. त्यो म्हनतोय, 'उघडणार नाही, की उघडता येत नाही?' मी म्हनलं, तुमी शिकल्यालं मानूस, तुमीच वळखा! आवं, सत्तरी उलटली माझी. आजवर दवाखान्याची पायरी चढले ती दोनदा, एकदा मला पोरगं झालं तवा आन एकदा पोराला पोरगं झालं तवा. आन ह्या खेपेला चढले ती काय झालं न्हाई म्हनून! तुमाला सांगते, मला नुसती चाकूला मूठ बशवायची हुती!

चाकू कसला, तर घडीचा. म्हसवडच्या बाजारात घेतल्याला. पातं मिटलं की कमरंच्या पिशवीत गप बसतोय. चाळीस वर्सं ह्या चाकूनं मेंढरांची खुरं काढतीया मी. खुरं काढायची म्हंजी काय, त्ये शहरातल्या मानसाला सांगाय लागतंय... तुमची नखं वाढत्यात का न्हाई? तशी मेंढराची खुरं वाढत्यात, वाकडी हुत्यात, आत चिखल बसतोय, कुजतंय, आन मेंढरू लंगडाय लागतंय. ती वाढ पावसाच्या आदी कापून काढायची, ती बी अशी, की रगताचा थेंब दिसता कामा नये. मला कुनी शिकवलं न्हाई. नवरा मिलिटरीत, सासरा डोळ्यानं अधू, मेंढरं माझ्या गळ्यात... मेल्याल्या मेंढराचं खूर मांडीवर घेऊन चिरून बघितलं, जीव कुठवर हाय आन कुठनं फुडं न्हाई, आन शिकले! वाचाय शिकले ती बी तशीच, पेंडीच्या पोत्यावरनं. माण तालुक्यात आमच्या आसपासच्या पाच गावांत जाऊन इचारा. लीलाबाईच्या हाताखालनं गेल्यालं मेंढरू लंगडत न्हाई!

पन हात म्हातारा झाला की वो. चाकूची मूठ आदीच बारीक, लाकूड घासून घासून काचंवानी झाल्यालं, वर मेंढराच्या लोकरीचं तेल, आन माझी बोटं काय पुरती मिटंनात. गेल्या महिन्यात चाकू सटकला. अंगठ्याला लागलं. किती? इतकुसं! पन माझी सून सोनम... अंगनवाडीत शिकवती ती, तिला जगातलं समदं म्हाईत आसतंय. 'आत्याबाई, बास आता! ठेवा तो चाकू! घरात काय कमी आहे का?' आन तिनं चाकू लपवला. कुठं? बाजरीच्या डब्यात! चाळीस वर्सं त्या डब्यात हात घालतीया मी, मला घावायचा न्हाई व्हय?

वर त्यो बिराप्पा, शंभर मेंढरांचा धनी, बांधावरनं वरडून म्हनतोय, 'आक्का, अवंदा दुसरा गडी सांगू का? त्याच्याकडं कातर हाय!' कातर म्हनं! मी म्हनलं, 'ऐतवारी मी येनार. न्हाई आले तर खुशाल सांग तुझ्या कातरवाल्याला, आन मंग मला पुन्यांदा हाक मारू नगंस!' बोलून बसले... आन ऐतवार आठ दिसांवर. मंग मूठ नगं बशवाय?

तर आदी सायकलची टूब गुंडाळली. मेंढराचं तेल लागल्याबरोबर ती टूब बांगडीवानी गरागरा फिराय लागली, चाकू एकीकडं आन टूब एकीकडं. मंग परकराची नाडी घट्ट यटाळली, ती एका दिसात भिजून अशी वास माराय लागली, की कुत्री माझ्या मागनं फिराय लागली. मंग आमचा नाथाजी सुभेदार! रिटायर होऊन धा वर्सं झाली, पन कुनी नुसतं 'आता काय करावं' म्हनलं की त्याची परेड चालू. 'लीलाकाकी, ग्रिप इज एव्हरीथिंग!' त्यानं मोटारसायकलच्या हँडलचं रबर कापून आनलं, हातुडीनं ठोकून ठोकून बशवलं, आन मला कडक सलाम ठोकला. चाकू हातात बसला बी झकास. पन पातं मिटंना! आवं, घडीचा चाकू घडीच होईना झाल्यावर कमरंला काय उघडं पातं घिऊन हिंडू? बसले खाली तर मूळव्याधीचं आपरेशन फुकाट व्हईल! नाथाजी म्हनतोय, 'काकी, फिल्डवर काहीतरी ॲडजस्ट करावं लागतं.' म्हनलं, तूच कर रं बाबा!

शेवटी मीच इचार केला. हाताला बसंल अशी मूठ पायजे, तर ती हातानंच करायची. नळाची गळती बुजवायचा मसाला असतोय बघा, दोन वड्या, एकात एक मळल्या की दगडावानी व्हत्यात. तसला आनला. पाकिटावरचं बारीक अक्षर समदं वाचलं. लिवलं हुतं, पुरतं घट्ट व्हायला तीन तास. बेसतरवारी सोनम अंगनवाडीला गेली तशी बाजरीच्या डब्यातनं चाकू काढला, नाथाजीचं रबर सोलून टाकलं, पातं मिटलं, मसाला आत जाऊ नये म्हनून फटीत पत्रिकेचा पुठ्ठा घातला, मसाला मळून दोन्ही अंगांनी थापला, तळहाताला खोबरेल चोळलं, आन चाकू मुठीत आवळून वट्यावर बसले. धाचा भोंगा झाला तवा. आता एक वाजंस्तवर हात हलवायचा न्हाई! म्हनलं बसलीयाच तर डाव्या हातानं मिश्री लावावी. लावली. चिमूट खालच्या वटात धरून ठिवली. कुनाला त्रास नव्हं, कुनाशी भांडान नव्हं... मला नुसती मूठ बशवायची हुती!

तवर शेजारची मेहरुनबी विरजन मागाय आली. माझी जुनी मैतरीन, पन जिभंला हाड न्हाई. 'लीला, अगं तोंड का गं वाकडं?' मी म्हनलं, 'उं उं.' मिश्री होती ना तोंडात! आन बोलले तर मूठ कशाला आवळलीया त्ये सांगाय लागनार, आन मेहरुनला सांगितलं की गावाला सांगितलं. म्हनून हात पदराखाली घातला. तर ती डोळं मोठं करून बघतीया... 'या अल्ला! हात बी गेला गं!' आन विरजनाचं भांडं तिथंच टाकून पळाली सोनमकडं.

सोनम आली ती अंगनवाडीतला तक्ताच तोंडात घिऊन! 'आत्याबाई, हसून दाखवा!' आवं, मिश्री तोंडात धरून हसू कशी? 'दोन्ही हात वर करा!' डावा केला. 'उजवा?' मी मान हलवली. 'बोला काहीतरी!' मी म्हनलं, 'उं उं.' झालं! 'लकवा!' आन मेहरुनचा मुजीब वडापची, शिटा भरून न्यायची जीप घिऊन दारात हुबा. मला उचलून आत घातलं. सातारा! सोनम म्हनती, 'चार तासांच्या आत पोचायला पाहिजे!' म्हनलं, मला तीनच पुरं हायत... पन मनात.

पहिल्याच वळनाला मी खिडकीतनं मिश्री थुकले आन चक्क बोलले, 'आगं मला कायबी झालं न्हाई!' सोनम म्हनती, 'सगळे पेशंट असंच म्हणतात!' आता बघा, चाकू दावला असता तर जीप तिथनंच माघारी फिरली असती. पन मंग चाकू गेला असता. बाजरीच्या डब्यात नव्हं, इहिरीत! आन ऐतवारी बिराप्पाच्या मेंढवाड्यात कातर. म्हनून गप बसले. खड्डा आला की मूठ आवळायची. सोनम काय बोलली की मूठ आवळायची. आन ती काय गप बसती का? 'मी सांगत होते तुम्हाला! मिश्री सोडा म्हटलं! मेंढरं सोडा म्हटलं! ऐकायचंच नाही कुणाचं!' साताऱ्यापत्तुर दोन तास! मधीच तिनं मुंबईला फोन लावला, माझा ल्योक बिरदेव फोनात रडतोय, 'आये, माझं नाव सांग बरं!' म्हनलं, 'मुडद्या, मीच ठिवलंय, मला इचारतोस?' तर त्यो सोनमला म्हनतोय, 'अगं, ती चिडचिड करतेय, हे बी लक्षण असतंय!'

दवाखान्यात डॉक्टर म्हनला, 'जीभ बाहेर काढा.' काढली. मिश्रीनं काळीकुट्ट! नर्स दोन पावलं मागं सरली. मंग 'मूठ उघडा, मूठ उघडा.' म्हनलं, 'किती वाजलं?' 'पाऊण.' 'मंग पंधरा मिनिटं थांबा.' 'कशासाठी, आजी?' 'वाळू द्या की!' तर त्यानं कागदावर लिवलं, मी वाचलं बरं का, 'असंबद्ध बोलतात'! आवं, साधी मूठ बशवायची हुती, तर येडी बी ठरले!

मंग म्हनं मशीनमधी घालायचं. दारात एक पोरगी इचारती, 'आजी, अंगावर लोखंड काय आहे का? मशीन खेचून घेतं.' आता हितं खोटं कसं बोलू? भितीवर घड्याळ बघितलं. एकला दोन मिनिटं कमी. म्हनलं, ऱ्हाऊ दे दोन मिनिटं. उघडली मूठ. 'हाय की! ह्यो घ्या!'

ती पोरगी किंचाळली, वॉचमन पळत आला, सोनमनं कपाळाला हात लावला. डॉक्टरनं चाकू घेतला, उलटापालटा करून बघितला. माझ्या चारी बोटांच्या खाचा, अंगठ्याची बैठक, समदं उठल्यालं, आन पातं बी मिटतंय! त्यानं आपल्या हातात धरून बघितला, त्याला बसंना. 'आजी, हे तुम्ही केलंत? कुणी शिकवलं?' म्हनलं, कुनी न्हाई. मंग त्यानं आपली दोन बोटं माझ्या हातात दिली. 'दाबा बघू. जोरात.' मी दाबली. त्यो म्हनला, 'दाबा की.'

...मी दाबतच हुते वो.

सोनम तिथंच हुबी हुती. तिनं बघितलं. परतीला जीपमधी बसलो. चाकू तिच्या पर्समधी. मी म्हनलं, गेला चाकू. दहिवडी जवळ आली तवा पर्स उघडली, चाकू माझ्या मांडीवर ठिवला आन खिडकीबाहीर बघत म्हनली, 'रविवारी मला सुट्टी आहे. मेंढरं मी धरते.'

गेलो ऐतवारी. बिराप्पा हाताची घडी घालून हुबा. सोनमनं मेंढरू बशवलं, मी चाकू काढला, पातं उघडलं... आन बोटं खाचंत बसंनात! मूठ माझी, हात माझा, मसाला माझा, आन मूठ म्हनती मी तुला वळखत न्हाई! पैलं मेंढरू झालं, चाकू दोनदा सटकला. दुसऱ्याला तीनदा. बिराप्पा खिशातनं मोबाईल काढाय लागला, कातरवाल्याला लावायला. मी चाकू पदराला पुसून पुन्यांदा धरला. तेवढ्यात सोनम म्हनती, 'आत्याबाई, तिरका धरताय तुम्ही. मी व्हिडिओत बघितलंय, असा धरायचा असतो.'

व्हिडिओत! मला! चाळीस वर्सं!

आन तुमाला सांगते... फटाफट चारी बोटं आपापल्या खाचंत जाऊन बसली. जनू कुलपात किल्ली! तवा माझ्या ध्यानात आलं. मूठ वट्यावर निवांत बसून घ्यायची ती घेतली जीपमधी, दोन तास हिचं बोलनं ऐकत, दात-वट आवळून. त्यो ठसा माझ्या हाताचा न्हाईच वो, माझ्या रागाचा! ती बोलत ऱ्हायली, मी कापत ऱ्हायले. दिस मावळायच्या आत शंभर मेंढरं! रगताचा थेंब न्हाई. बिराप्पानं मोबाईल खिशात घातला, आन फुडल्या सालाचं आजच सांगून ठिवतो म्हनला.

आता काय सांगू... ती गप बसली की चाकू सटकतोय. कमरंला चाकू आन संगं सून, दोन्ही घिऊन हिंडाय लागतंय मला. आन परवा नेमका तिचा घसा बसला. तीन दिस काम बंद!