भेग कुणाच्या पावलानं?

हिशेब आधीच मांडतो, मंडळी! नंतर कुणी म्हणायला नको, बुवांनी झाकून ठेवलं.

काटेपिंपरीचे केरबानाना. घर पांढरीत, म्हणजे गावठाणात. शेत काळीत, अर्ध्या कोसावर. बायको गजराबाई — गुडघे धरलेले, भाकरी पोचवायला कुणी नाही. म्हणून नाना सकाळी शेतात जायचे, दुपारी जेवायला घरी, पुन्हा शेतात, दिवेलागणीला परत. चार खेपा. रोजची दोन कोस पायपीट! शेतातच घर बांधलं तर वाचणार काय? हे दोन कोस. दुसरं काही नाही. आणि तेवढ्यासाठी पणाला काय लागलं? एका पोरीचा संसार!

माझा प्रश्न साधा आहे. घराला भेग पडली की आपण पाया का बघत नाही? माणूस का शोधतो? आणि तोही नेमका घरात सगळ्यात शेवटी आलेला?

मृदंग जरा हळू, महाराज. मी दमलोय. हा प्रश्न पंचवीस वर्षं विचारतोय, तोही दमलाय.

तर ऐका. आपले वाडवडील घरं पांढरीवर बांधायचे आणि पिकं काळीत घ्यायचे. का? काळी माती पाणी पिते आणि फुगते. ऊन लागलं की आक्रसते, फाटते. पुढच्या पावसात फुगून पुन्हा मिटते. कापसाला ते मानवतं. भिंतीला कसं मानवेल?

पण नानांनी शेतातच, त्याच काळीत, पाया खणायला काढला भर वैशाखात. माती अशी वाळलेली की कुदळ मारली तर खण्ण! नाना खूश. "इमामभाई, हा तर पाषाण लागला!"

इमामभाई गवंडी, पांढरी दाढी, बोलायला तुटक. म्हणाला, "नाना, पाषाण नाही. मातीच आहे, वाळलेली. मुरूम लागेस्तोवर खणू द्या. दोन पुरुष तरी खोल असंल."

"दोन पुरुष? विहीर खणतोस का घर बांधतोस? कमरेएवढं पुरे!"

कमरेएवढं! शेजारी बसलेल्याची कंबर आठवा आणि हसा, मंडळी. नाना ठेंगणे होते.

घर झालं. जेठात पोराचं लग्न झालं. पोरगा तुळशीराम, सून कौसा. आषाढात चौकट फुगून दार अडकायला लागलं. कुणी मनावर घेतलं नाही. फाल्गुनात दाराच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली, केसाएवढी. चैत्रात बोट जाईल एवढी. वैशाखात अख्खा हात!

गजराबाईंनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा सुनेकडं. "वर्ष झालं नाही हिला येऊन, आणि घर दुभंगलं. पायगुण!"

कौसा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, शेतात तर याहून मोठ्या भेगा हायत. काल माझा विळा पडला त्यात, अजून सापडला नाही. त्या काय मी आल्यावर पडायला लागल्या?"

वा! एवढं सरळ उत्तर. त्यावर घर काय म्हणालं? "तोंड बघा हिचं!"

आणि तुळशीराम? नवरा हो तो! काय केलं त्यानं? उठला आणि बैलांना पाणी पाजायला गेला. बैलांनी आत्ताच पाणी पिलं होतं!

जेठाच्या तोंडावर कौसाला माहेरी धाडली. "जरा बघू," म्हणाले. आता बघा दैवाची थट्टा! ती गेली आणि आठ दिवसांत पाऊस लागला. माती फुगली. श्रावणात भेग मिटली! हात जात होता तिथं सुई जाईना. गजराबाई अख्ख्या आळीला बोलावून दाखवतात, "बघा! गेली आन् घर सांधलं!" आळीनंही माना डोलावल्या. मंडळी, माना आपण फार छान डोलावतो. आत्तासुद्धा डोलावताय!

दिवाळी गेली, कौसाला आणायला कुणी गेलं नाही. संक्रांत गेली. माघात दुसरी पोरगी बघायची ठरली.

चैत्रात मुलीचे वडील घर बघायला आले, अंकुशराव नावाचे. काळीतलेच शेतकरी. चहा आला. पाठ टेकायला भिंतीकडं सरकले, आणि पाठीला वारा लागला! वळून बघतात तर भेग. गजराबाईंनी वर कॅलेंडर टांगलेलं, पण भेग कॅलेंडरच्या खाली उतरली होती. अंकुशरावांनी हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"नाना, आधीची सून कधी गेली म्हणालात?"

"झाले की दहा महिने."

"मग ही भेग कुणाच्या पावलानं?"

गजराबाईंनी कॅलेंडर ओढून खाली केलं.

अंकुशराव उठले, टोपी घातली. "माझ्या शेतात असल्या शंभर भेगा पडतात. एवढ्यांचा जाब माझ्या पोरीला द्यायला जमायचं नाही. राम राम."

दुसऱ्या दिवशी नाना कौसाच्या माहेरी. ती अंगणात तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"चल पोरी. चुकलं आमचं."

"भेग मिटली का, मामा?"

"नाही."

"मग येते. मिटली असती तर नसते आले. पण त्या घरात राहणार नाही. पांढरीतल्या जुन्या घरात राहीन."

नाना कबूल झाले. शेतातल्या घरात आता कडबा भरलाय. सगळं गावात परत आलं.

तुम्ही म्हणाल, गोड झालं, बुवा, आता आरती घ्या. थांबा! हिशेब राहिलाय. आता घरी जाल, तुमच्याही घरात काही ना काही फाटलेलं असेल. कुणाकडं बोट दाखवायच्या आधी कमरेएवढा पाया कुणी खणला ते आठवा. आठवणार नाही, मला माहीत आहे. तरी सांगतो.

नानांना दोन कोस वाचवायचे होते. आता ते जेवायला घरी येत नाहीत, म्हणजे एक कोस वाचला. दुपारी डोक्यावर भाकरी घेऊन वाटेतल्या भेगा ओलांडत कौसा जाते. अर्धा कोस जायचं, अर्धा यायचं.

एक कोस नानांचा वाचला. तो एक कोस कौसा चालते. आणि दहा महिने तिचे गेले, ते कुणाच्याच नावावर नाहीत.