रेकॉर्डवरचं नाव

…आणि वर मलाच म्हणतात, ‘एवढी घाई कसली होती?’ घाई! तुम्हाला सांगते, तीन मिनिटांचं एक गाणं, तीन मिनिटांचं दुसरं, म्हणजे रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून सहा मिनिटं, आणि त्यावर आमच्या घरात वाद चालला आखाडापासून ते पार दिवाळीच्या फराळापर्यंत! आणि वाद कशावर? चालीवर? शब्दांवर? छे हो! रेकॉर्डच्या मधोमध तो गोल कागद चिकटवलेला असतो ना, तळहाताएवढा, त्याच्यावर नाव कुणाचं, यावर!

आता यात वाद घालण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. गाणं लिहिलं कुणी? मी. चाल कुणी लावली? मी. म्हटलं कुणी? मी. मुंबईच्या कंपनीने ‘नवीन गायिकेचा धोका आम्ही घेत नाही, पदरच्या पैशाने काढायची असल्यास काढून देऊ’ असं कळवल्यावर पैसे कुणी भरले? तेही मीच. रोज रावेतहून पिंपरीपर्यंत सायकल हाणत जाते मी, तिथल्या औषधाच्या कारखान्यात दिवसभर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तपासते, की बाबा आत जे आहे तेच बाहेर लिहिलंय ना. बी. ए. होऊन हे काम. पण त्या बाटल्यांचं बरं आहे. आत अमुक औषध, तर बाहेर अमुकच नाव. कुठल्याही बाटलीचा चुलता येऊन म्हणत नाही, की थांबा, हिचं आधी लग्न होऊ दे!

आमचे नाना म्हणाले. नाना म्हणजे माझे चुलते, नानासाहेब भोंडवे, घरातले कर्ते. वडील गेल्यापासून घरात कुठली म्हैस विकायची आणि मी कुठल्या रंगाचं पातळ नेसायचं, सगळं नानाच ठरवतात. ओसरीवर बसले, पानाला चुना लावला, आणि मला समजावून सांगायला लागले…

‘आगं पोरी, आज तू इंद्रायणी भोंडवे हाईस. उद्या तुजं लगीन व्हईल. सासरची मानसं ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिवतील. आडनाव जाईल, नाव बी जाईल. मंग ह्या गान्याच्या ताटलीवरची इंद्रायणी भोंडवे कोन? हाय का तिचा ठावठिकाना? समदी ताटली फुकट गेली का न्हाई?’

म्हणजे त्यांचं म्हणणं असं, की आधी स्थळ बघू, लग्न लावू, ताटात काय नाव निघतंय ते बघू, आणि मग ते नाव मुंबईला कळवू! मी म्हटलं, नाना, नवरा आवडला नाही आणि रेकॉर्ड आवडली तर काय करायचं? तर पान तोंडात कोंबून म्हशीला वैरण टाकायला उठले.

आणि दुर्गाआत्या! ही नानांची थोरली बहीण. तिला कागदाशी कर्तव्यच नाही. ती म्हणाली, ‘कागुद ऱ्हाऊ द्या. गानं सरलं की शेवटाला नाव सांग तोंडानं. पयल्या गानाऱ्या बाया सांगायच्या. चाकनला कांद्याच्या अडत्याकडं ताटल्या वाजवायचा फोनू व्हता, त्येच्यावं म्या सवता ऐकलंय. बाई गायची, गायची, आन मंग ठसक्यात नाव सांगायची.’ मी म्हटलं, आत्या, तो जमाना गेला. आता छापतात. मी शिकलेली मुलगी, गाणं संपल्यावर बाजारात कोथिंबीर विकल्यासारखी स्वतःच्या नावाने ओरडू? ती म्हणाली, ‘नगं वरडू. तुला समदं कळतंय.’ आता हे काय बोलणं झालं?

बरं, मुंबईला एकटीने जायचं नाही, म्हणून नाना बरोबर. ध्वनिमुद्रण म्हणजे तुम्हाला सांगते, लाल दिवा लागला की श्वास रोखून बसायचं. मी सूर लावला… ‘भोंगा झाला गं, जाग नदीला आली…’ माझंच गाणं, कारखान्यात निघालेल्या मुलीचं… आणि नेमका नानांना ठसका लागला! तंबाखूचा. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ‘भोंगा झाला’, तर नाना शेजारच्या तबलजीला विचारतायत, ‘भोंग्यावं कुनी गानं लिवतं व्हय हो?’ पुन्हा पहिल्यापासून! शेवटी त्यांना बाहेर बाकावर बसवलं, तेव्हा गाणं झालं. आणि चांगलं झालं. खोटं कशाला बोलू, वाजवणारे लोकही ‘वा’ म्हणाले.

मग तिथले साहेब म्हणाले, अगदी गोड बोलून हं, ‘बाई, गीत, संगीत आणि स्वर, तिन्ही ठिकाणी एकच नाव बरं दिसत नाही. लोकांना वाटेल हिला माणसंच मिळाली नाहीत. गीताला एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थांचं नाव टाकू, जरा वजन येतं.’

आणि बाकावरचे नाना दारातून म्हणतात, ‘माजं टाका की!’

नाना! ज्यांनी आयुष्यात सहीशिवाय काही लिहिलेलं नाही! ज्यांना भोंग्यावर गाणं म्हणजे घराण्याला बट्टा वाटत होता! ते कवी व्हायला उभ्या उभ्या तयार! मी म्हटलं, साहेब, लिहून घ्या. गीत, इंद्रायणी भोंडवे. संगीत, इंद्रायणी भोंडवे. स्वर, इंद्रायणी भोंडवे. लिहिलं कुणी? मी. चाल कुणी लावली? मी. म्हटलं कुणी? मी! परतीच्या गाडीत नाना कर्जतपर्यंत बोलले नाहीत. कर्जतला बटाटेवडा खाल्ला, आणि लोणावळ्यापर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

रेकॉर्ड आल्या. लाकडी खोक्यात, गवताच्या गादीवर निजलेल्या, काळ्याभोर, आणि मधे लाल कागदावर माझं नाव, एकाखाली एक, तीन वेळा. मी बोट फिरवून बघितलं. आई म्हणाली, लाव की. लावू कशावर? घरात फोनो कुठाय? चार दिवस आम्ही ती रेकॉर्ड नुसती बघितली. बघायला फार छान होती.

मग चुलतबहिणीचं, रंभाचं लग्न आलं. कर्णे आणि फोनो चिंचवडच्या चिमाजीचे. मी सकाळीच त्याच्या हातात रेकॉर्ड दिली, आणि दोन्ही कर्णे गरजले, ‘भोंगा झाला गं…’ अहो, पार नदीपलीकडे आवाज! आचाऱ्याचा झारा थांबला. पुनावळ्याहून आलेल्या बायका गाडीतून उतरता उतरता थबकल्या. एक पाहुणे म्हणाले, ‘काय गळा हाय राव! कोन हो ही बाई?’

मी तिथेच उभी. चिमाजीने मान वर न करता सांगितलं, ‘मुंबईची हाय कोनतरी.’

‘मुंबईची? अरे, वाच ना नाव! लिहिलंय त्याच्यावर!’

‘ताई, फिरतीया न्हवं का ती? वाचू कसं?’

मी वाकून बघितलं. खरंच हो! लाल भोवरा नुसता. ज्या नावासाठी चार महिने भांडले, ते नाव गाणं चालू असेपर्यंत दिसतच नाही! मी म्हटलं, थांबव. त्याने थांबवलं. तर मांडवातून आरडाओरडा, ‘आरं ए, गानं का बंद केलंस?’ लगेच पुन्हा सुरू. नाव वाचायचं तर गाणं बंद, गाणं ऐकायचं तर नाव गायब… ही काय व्यवस्था झाली?

पाहुण्यांनी नानांना विचारलं, तर नाना अजून त्या कवीपणावरून फुगलेले. म्हणाले, ‘नाव तिच्यावंच छापलंय न्हाई का? वाचा की!’

आणि दुर्गाआत्या काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघून सुपारी कातरत राहिली. बोलली असती तर परवडलं असतं!

मग माझं डोकं फिरलं. गाणं संपलं, सुई खरखरायला लागली, आणि मी चिमाजीच्या हातून तो माईक ओढला आणि भर मांडवात सांगितलं, ‘हे गाणं लिहिणारी, चाल लावणारी आणि गाणारी… इंद्रायणी भोंडवे!’

आणि मग बायकांच्या घोळक्यातून, ‘आगं बया! लग्नात नाव घ्यायचं तर नवऱ्याचं घेत्यात! ही सवताचंच घेतीया!’ झालं! सगळा मांडव हसून लोळतोय. एक म्हणते, ‘पोरगी उतावीळ झालीया, यंदा उजवून टाका.’ दुसरी म्हणते, ‘आमच्या भाच्याचं बघा की.’ नवरीसुद्धा मुंडावळ्या धरून हसत होती! आणि गाणं? ते मुंबईच्या बाईचंच राहिलं.

आता चिमाजी ती रेकॉर्ड प्रत्येक लग्नात लावतो. थेरगाव, वाकड, कुठेही जा, सकाळी भोंगा होतोच. परवा वाकडला एका लग्नात पंगतीला बसले होते, आणि कर्ण्यावर माझंच गाणं लागलं. नकळत मीही गुणगुणायला लागले, जरा मोठ्यानेच असेल. तर शेजारची म्हातारी पुरीचा हात माझ्या मनगटावर ठेवून म्हणाली, ‘गप गं पोरी, त्या बाईला गाऊ दे.’

आता सांगा. लिहिलं कुणी? मी. चाल कुणी लावली? मी. म्हटलं कुणी? मी. आणि पानावर बसून गपचूप ऐकलं कुणी?… मीच. काय करणार? बाई गात बरी होती.