जमिनीवरचा माईक

पुरवणी जबाब, दि. ४ मार्च २०२५

मी, निवृत्ती सावळीराम बोरगुडे, वय ५२ वर्षे, धंदा साउंड सिस्टीम भाड्याने देणे व रेकॉर्डिंग करणे, शिक्षण दहावी नापास, रा. विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक, आज स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की, माझ्याकडे रेकॉर्डिंग करताना मरण पावलेले गायक दीपक यांच्या अकस्मात मृत्यूबाबत माझा पहिला जबाब दि. १८ फेब्रुवारी रोजी झालेला आहे. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. ती विसरलो नव्हतो.

मी गावाबाहेरचे बंद पडलेले द्राक्षांचे शीतगृह भाड्याने घेऊन तेथे रेकॉर्डिंगची खोली केली आहे. भिंतीत थर्माकोल असल्याने बाहेरचा ट्रॅक्टरसुद्धा आत ऐकू येत नाही. हे काम मी कोणाकडे शिकलेलो नाही. रेडिओ उघडून उघडून शिकलो.

'कानस' हा बँड ओझरच्या चार मित्रांनी १९९४ साली काढला. ते हार्डकोअर पंक वाजवतात, म्हणजे फार वेगात वाजवणे व ओरडून गाणे. मागच्या वेळी साहेबांनी थोडे ऐकून विचारले की, हे गाणे आहे की मारामारी. दीपक असते तर म्हणाले असते, "साहेब, दोन्ही." त्यांची पहिली तीन रेकॉर्डिंगे मुंबईला झाली. त्यात ड्रम डब्यासारखे वाजतात. चौथे २०१६ चे व पाचवे २०२१ चे मी केले. म्हातारे झाले, आता जुनी धार नाही, असे लोक म्हणतात. तसे म्हणणाऱ्यांनी चांगल्या स्पीकरवर ऐकलेले नाही.

सहावे रेकॉर्डिंग दि. १६ फेब्रुवारी, रविवार रोजी सकाळी ९.३० वाजता सुरू झाले. गायला दीपक, वय ४९. गिटारवर त्यांचा धाकटा भाऊ महेश. ड्रमवर झुंबर. बासवर, म्हणजे जाड तारांच्या गिटारवर, दीपक यांची मुलगी सायली, वय २२. जुना बासवाला पुण्याला गेल्याने ती आली होती. तिचे हे पहिलेच रेकॉर्डिंग. मी काचेच्या अलीकडे मशीनवर होतो. सायलीला माझ्याकडे बघूनच थांबायचे व सुरू करायचे असे मी शिकवले होते. ती तसेच करत होती.

या बँडचा एक नियम आहे. चौथ्या रेकॉर्डिंगच्या वेळी दीपक एका गाण्याच्या शेवटी जमिनीवर पडले व पडूनच राहिले. झुंबर त्यांना उचलायला गेला व टेक, म्हणजे त्या गाण्याचे रेकॉर्डिंग, खराब झाला. तेव्हा दीपक म्हणाले, "मी पडलो की उचलायला यायचं नाही. मी उठीन तेव्हा उठीन. मी बंद म्हणेपर्यंत मशीन चालू ठेवायचं." पाचव्या रेकॉर्डिंगमध्ये ते शेवटच्या गाण्यानंतर ४८ सेकंद पडून होते. ते तसेच ठेवले व लोकांना तेच सर्वांत आवडले. म्हणून या वेळी मी त्यांच्या पायाजवळ सतरंजीच्या तुकड्यावर एक जादा माईक ठेवला. पडल्याचा आवाज व नंतरचा श्वास स्वच्छ यावा, ही कल्पना माझी.

सहावे गाणे ११ वाजून २० मिनिटांनी सुरू झाले. दीपक २ मिनिटे ११ सेकंदांवर पडले. शेवटची ओळ राहिली होती. वाजवणारे थांबले व नियमाप्रमाणे उभे राहिले.

पुढील वेळा मी पडल्यापासून मोजून देत आहे. १९ सेकंदांवर जमिनीवर नखे घासल्याचा आवाज आहे. तीन वेळा, मग थोडे थांबून दोन वेळा. पुढच्या गाण्याचा वेग ते बोटांनी सांगत, तसेच मला वाटले. ५५ सेकंदांवर झुंबर म्हणतो, "ए दीपक, चहा आलाय, ऊठ. नायतर तुझा पन मीच पितो." महेश हसल्याचा आवाज आहे. १ मिनिट १० सेकंदांवर सायली म्हणते, "पप्पा?" हळू आवाजात, एकदाच.

त्यानंतर तिने बास पट्ट्यासकट खांद्यावरून काढला व एक पाऊल पुढे टाकले. मी काचेतून हात वर केला, थांब म्हणून. ती थांबली.

जमिनीवरच्या माईकमध्ये आवाज आला की लागणारा एक हिरवा दिवा माझ्यासमोर असतो. श्वासाबरोबर तो लागत होता व विझत होता. १ मिनिट ३२ सेकंदांवर तो लागायचा बंद झाला. तार सैल झाली असे समजून मी वाकून मशीनच्या मागची पिन तपासली. पिन बरोबर होती. दुसऱ्या भोकात घालून पाहिली. तेथेही बरोबर होती. मग मी आत गेलो. तेव्हा २ मिनिटे ३९ सेकंद झाले होते.

झुंबरच्या पिकअपमधून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे व आणण्यापूर्वीच मृत्यू झाल्याचे सांगितले. हे पहिल्या जबाबात आहे.

दशक्रियेच्या दिवशी दीपक यांच्या पत्नी उज्वला यांनी मला बाजूला बोलावून विचारले, "भाऊजी, काही बोलले का हो ते?" मी म्हणालो, "नाही वहिनी." ते खरे आहे. मग त्या म्हणाल्या की, सायली जेवत नाही, बासला हात लावत नाही. पोलिसांना तिने सांगितले आहे की, 'पप्पा नेहमीसारखे पडले असतील असे वाटले, म्हणून मी गेले नाही.' घरीही तेच सांगते. माझ्या हाताबद्दल ती काही बोललेली नाही. मीही त्या दिवशी वहिनींना काही बोललो नाही.

मूळ रेकॉर्डिंग मी पेन ड्राइव्हवर हजर करीत आहे. एरवी श्वास व खोकले मी काढून टाकतो. यातले काहीही काढलेले नाही. त्यात सर्व ऐकू येते, पण हात वर केल्याचा आवाज होत नाही. रेकॉर्डिंग शंभर वेळा ऐकले तरी ते कोणाला कळणार नाही. म्हणून सांगतो की, सायली वडिलांकडे निघाली होती. तिला मी थांबवले.

तो माईक मी अद्याप उचललेला नाही. खोलीत कोणी नसताना त्याचा दिवा मधूनच लागतो. छताच्या पत्र्यावर कबुतरे बसतात, त्याने लागतो. वर चढून खात्री केली आहे. कबुतरे नसतानाही एक-दोनदा लागला आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'सुमारे तीन मिनिटांनी' असे होते, ते दोन मिनिटे एकोणचाळीस सेकंद असे करून घेतले. 'हाताने इशारा झाल्याने सायली थांबली' असे होते. तेथे 'मी हात वर केला' असे लिहून घेतले. आता मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. याची एक प्रत सायलीला वाचायला द्यावी, अशी विनंती आहे.

समक्ष सही
नि. सा. बोरगुडे